कासवाची पाठ

आठवीच्या वर्गाला वर्णविचार शिकवताना मी मुलांना च, छ, ज, झ, श म्हणायला लावतो आणि जीभ कोठे टेकली ते विचारतो. उत्तर अपेक्षित असते 'टाळूला'. दरवर्षी एखादे पोर ते ऐकून डोक्यावर हात ठेवते. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या भाषेत टाळू दोन आहेत. तान्ह्या मुलाची तेल घालून भरायची ती एक आणि तोंडात जिभेला छप्पर होऊन बसलेली ती दुसरी. पहिलीची काळजी सगळे घर घेते. दुसरीकडे जन्मभर कोणी मान वर करून पाहत नाही.

2011 साली तुळशीच्या लग्नाला मी गावी गेलो होतो. आमचे गाव कराडपासून तीन कोसांवर, कृष्णेच्या काठी. आई ओसरीवर बसून नातीला हाका मारीत होती, "चिमे, ए चिमे!" आणि माझ्या मास्तरी कानाला तो च खटकला. चमच्यातला च निराळा, चिमणीतला निराळा. चिमणीतल्या च-ला जीभ टाळूवर सपाट टेकावी लागते. आईची जीभ कोठेतरी अडखळत होती.

"आई, तोंडात काय आहे?"

"कुठं काय?"

"च नीट येत नाही तुझा."

"वर एक गोटी हाय. तीन पावसाळं झालं. दुखत न्हाई, खुपत न्हाई. दुखत न्हाई ते दावायचं कुणाला?"

मी बॅटरी आणली. उजव्या अंगाला, दाढांच्या आतल्या बाजूस, जेथे टाळूचा कठीण भाग संपून मऊ भाग सुरू होतो तेथे बोराएवढी गाठ होती. वरची कातडी गुळगुळीत, रंग आसपासच्यासारखाच. कोनाड्यात मशेरीची डबी होती. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची, हे आमच्याकडच्या बायांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यसन. मी शाळेत दरसाल मुलांकडून तंबाखूमुक्तीची शपथ वदवून घेणारा माणूस. ती डबी मी उचलली, घाटावर गेलो आणि पाण्यात भिरकावून दिली. परत आल्यावर म्हणालो, "हे तूच ओढवून घेतलंस."

ती काही बोलली नाही. उठून दारातल्या बादलीशी गेली आणि चूळ भरली. एवढेच. पुढचे सारे वाचन मी केले ते त्या एका वाक्याची भरपाई म्हणून.

प्रथम आम्ही तालुक्याच्या गावी एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाढेचे गळू असावे असे म्हणून गाठीला चीर दिली. पू निघाला नाही, रक्त तेवढे निघाले. मग दाढ काढली, गोळ्या दिल्या. गाठ होती तेथेच राहिली. त्या वेळी मला त्यांचा फार राग आला. आता तितका येत नाही. किडलेल्या दाढेच्या मुळाचा पू टाळूवर फुगवटा आणतो, आणि टाळूवरचे बहुतेक फुगवटे याच जातीचे असतात. शंभरांत नव्वद वेळा बरोबर ठरणारा तर्क त्यांनी केला. माझी आई उरलेल्या दहांत होती. माझा तर्क मात्र त्यांच्यापेक्षा घाईचा होता आणि त्यात दयाही नव्हती.

तेथून मिरज. साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला मोठे दुखणे म्हणजे मिरज, हे समीकरण जुने आहे. फटाक्याने डोळे दुखावलेला कुरुंदवाडचा एक मुलगा उपचारांसाठी मिरजेस आला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाणे शिकून विष्णु दिगंबर पलुस्कर झाला. पुढे अमेरिकन मिशनचे डॉक्टर विल्यम वॉन्लेस आले. ते 1889 साली हिंदुस्थानात उतरले, प्रथम सांगलीस दवाखाना चालवला, आणि 1894 साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उघडले. 1897 साली त्यांनी वैद्यकाची शाळा काढली. 1928 साली ते परतले तेव्हा मिरजेचे नाव देशभर झाले होते. आता त्या गावात दवाखान्यांची रांगच आहे. त्यांपैकी एकात शल्यविद डॉक्टरांनी आईला तोंड उघडायला लावले, हातमोजा घातलेले बोट गाठीवर फिरवले, आणि तीनच प्रश्न विचारले. किती दिवस झाले? दुखते का? बधिरपणा वाटतो का? नंतर कवटीचा सीटी स्कॅन झाला, आणि पेन्सिलीच्या टोकाएवढ्या पोकळ पात्याने गाठीतून एक बारीक तुकडा काढला गेला. उत्तर आठ दिवसांनी मिळणार होते.

त्या आठ दिवसांत मी वाचनालयातून सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर आणले. मॅट्रिकपलीकडे माझी मजल गेली नाही, त्यामुळे इंग्रजी वैद्यकग्रंथ हाती धरण्याचे धाडस नव्हते. सुश्रुत तरी आपला वाटला. निदानस्थानाचा सोळावा अध्याय मुखरोगांचा. त्यात टाळूचे रोग नऊ सांगितले आहेत: गलशुंडिका, तुंडिकेरी, अध्रुष, कच्छप, अर्बुद, मांससंघात, पुप्पुट, तालुशोष, तालुपाक. शेवटचे दोन कोरड पडण्याचे आणि पिकण्याचे. उरलेले सात फुगवट्यांचे. सात! गावातल्या मारुतीच्या देवळात बसून मी ते वाचले तेव्हा अंगावर काटा आला. पुप्पुट म्हणजे बोराएवढी, न दुखणारी, जागची न हलणारी गाठ. कच्छप म्हणजे कासवाच्या पाठीसारखी उंचावलेली, वेदना नसलेली, सावकाश वाढणारी. अर्बुद टाळूच्या मध्यावर, कमळाच्या आकाराचे. माझ्या बॅटरीच्या उजेडात मी जे पाहिले, ते कोणीतरी माझ्याआधी दीड-दोन हजार वर्षे, बॅटरीवाचून पाहून ठेवले होते.

सुश्रुताने गाठी कशावरून वेगळ्या केल्या? आकार, वेदना, वाढीचा वेग, जागा. मिरजेच्या डॉक्टरांचे तीन प्रश्न काय होते? थोड्याफार फरकाने हेच. नुसत्या डोळ्यांनी आणि बोटांनी मनुष्य जेथवर जाऊ शकतो तेथवर आपले पूर्वज जाऊन पोचले होते. अडचण ही, की कासवाची पाठ दिसायला एक असली तरी तिच्या खाली चार निराळी जनावरे असू शकतात, आणि पाठीवरून ती ओळखता येत नाहीत.

हे कसे, ते मला पुढे कळले. आपल्या तोंडाच्या अस्तरात सहाशे ते हजार बारीक लाळग्रंथी पेरलेल्या आहेत. कानाखालच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या मोठ्या जोड्या वेगळ्या, या मोहरीएवढ्या. टाळूच्या मागच्या भागात त्यांची दाटी असते, मध्यरेषेवर मात्र जवळजवळ नसतात. म्हणून यांच्यातून उठणारी गाठ बहुधा एका अंगाला असते, आईची होती तशी. कानाखालच्या मोठ्या ग्रंथीत आलेल्या गाठी बहुतेक साध्या निघतात. टाळूवरच्या ग्रंथींचे तसे नाही. त्यांच्या गाठींपैकी निम्म्याच्या आसपास घातक असतात. ग्रंथी लहान तितका धोका मोठा, असा हा उफराटा हिशेब आहे. आणि घातक गाठही कित्येकदा दुखत नाही, वर्षानुवर्षे सावकाश वाढते, तिच्यावरची कातडी शाबूत असते. 'दुखत नाही ते दाखवायचे कोणाला' हा आईचा न्याय तेथे पुरता फसतो.

कासवाची पाठ उलटून पाहण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकात युरोपात निघाली. पुढे व्हिएन्नात गाजलेले शल्यविद बिलरोथ यांनी 1859 साली लाळग्रंथींच्या गाठींवर सूक्ष्मदर्शकाच्या आधारे निबंध लिहिला. (हे गृहस्थ ब्राम्स या संगीतकाराचे जिवलग मित्र, स्वतः उत्तम वाजवणारे. मिरजेच्या तंबोरा करणाऱ्यांच्या आळीत त्यांचे बरे जमले असते.) एका जातीच्या गाठीत त्यांना नळकांड्यांसारख्या आकृती दिसल्या, म्हणून त्यांनी तिचे नाव सिलिंड्रोमा ठेवले. दुसऱ्या एका जातीने तर सगळ्यांनाच चकवले. तिच्यात ग्रंथीच्या पेशी होत्या, आणि त्यांच्या शेजारी कूर्चेसारखा, म्हणजे बाहेरच्या कानात असते तसल्या लवचीक हाडासारखा भाग होता. लाळेच्या ग्रंथीत कूर्चा आली कोठून? कोणी म्हणाले, गर्भावस्थेत चुकून मागे राहिलेला अंश. कोणी म्हणाले, दोन गाठी एकात मिसळल्या. 'मिश्र गाठ' हे नाव पडले ते या गोंधळातून, आणि अजूनही डॉक्टरांच्या तोंडी आहे. पुढे विसाव्या शतकात उलगडले, की ग्रंथीभोवती तिला पिळून लाळ बाहेर काढणाऱ्या ज्या पेशी असतात त्याच रूप पालटून हा कूर्चेचा देखावा उभा करतात. दोन नटांची गाठ नव्हे, एकाच नटाची दोन सोंगे. म्हणून तिचे आजचे नाव बहुरूपी ग्रंथिगाठ अशा अर्थाचे, प्लिओमॉर्फिक अॅडिनोमा, असे आहे.

नुसता सूक्ष्मदर्शक मात्र पुरेसा नव्हता. मांसाचा तुकडा तासाभरात सडू लागतो. तो कडक व्हावा, टिकावा, मेणात बसवून कागदापेक्षा पातळ कापता यावा आणि रंगवता यावा, तेव्हा कोठे तो बोलू लागतो. लॉगवुड नावाच्या अमेरिकी झाडाच्या गाभ्यातून निघणारा निळा-जांभळा रंग पेशींच्या केंद्रांना आणि इओसिन नावाचा गुलाबी रंग बाकीच्याला, ही जोडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. ती आजही चालते. 1893 साली फॉर्मॅलीनचा गुण सापडला, आणि त्यामुळे एक गोष्ट शक्य झाली जी आमच्यासारख्या आडगावच्या लोकांना महत्त्वाची आहे. रोगी येथे, तुकडा बाटलीत, आणि पाहणारा शंभर कोसांवर. मनुष्याला मुंबई न दाखवता त्याच्या गाठीला मुंबई दाखवता येऊ लागली.

मुंबईत पाहणारा कोण? येथे एका मराठी माणसाचे नाव घेतले पाहिजे. डॉ. वसंत रामजी खानोलकर, गोमंतकीय घराण्यातले, जन्म 1895, लंडन विद्यापीठाचे एम. डी. परळला 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आरंभी 80 खाटांचे. त्याच्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख झाले. तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रोग्यांचा अभ्यास त्यांनी 1944 साली प्रसिद्ध केला. आपल्याकडे कर्करोग होतच नाही, तो पाश्चात्त्यांचा रोग, असे मानणारे लोक तेव्हा होते. खानोलकरांनी आकडे पुढे ठेवले, आणि तंबाखू खाण्याच्या व ओढण्याच्या रीतीप्रमाणे रोगाची तोंडातली जागा कशी बदलते याचा माग काढला. 1955 साली संघवी, राव आणि खानोलकर यांचा तंबाखूविषयीचा निबंध ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यांत गेले. महाराष्ट्रातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडे तपासून त्यांनी 1972 साली अहवाल दिला. एक लाखावर माणसे, एकेकाला तोंड उघडायला लावून! आंध्रात श्रीकाकुळमकडे बाया चुट्टा उलटी, म्हणजे जळते टोक तोंडात धरून ओढतात. तेथील 10,169 लोकांच्या टाळूंची पाहणी 1971 साली प्रसिद्ध झाली. गोव्यातही काही बाया धुमटी अशीच उलटी ओढत. त्यांच्या टाळूवर पांढरे, राखी, ठिपक्यांचे चट्टे दिसत, व्रण होत. तंबाखू टाळू जाळते ती अशी, पृष्ठभागावरून.

हा इतिहास मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. परंतु मोठ्या सत्याची सावलीही मोठी पडते. तंबाखूचा गुन्हा इतका पक्का शाबीत झाला, की तोंडातल्या प्रत्येक गाठीवर आम्ही तिचेच नाव लिहू लागलो. मी ते नदीच्या घाटावर लिहिले. खरे तर त्याच टाटा रुग्णालयातल्या पोतदार आणि पेमास्तर या डॉक्टरांनी 1969 सालीच तोंडातल्या बारीक लाळग्रंथींच्या गाठींचा स्वतंत्र निबंध लिहून हे प्रकरण वेगळे मांडले होते. या गाठी अस्तराच्या पृष्ठभागावर जन्मत नाहीत, आत खोल ग्रंथीत जन्मतात, आणि त्यांचे तंबाखूशी नाते आजतागायत सिद्ध झालेले नाही.

आठव्या दिवशी आम्ही मिरजेस गेलो. स्लाइड वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी माझा धंदा सांगितला. आमच्या शाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे आणि त्याखाली कांद्याच्या पापुद्र्यापलीकडे काही गेलेले नाही, असेही सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "या, बघा."

गुलाबी मैदानात जांभळ्या ठिपक्यांच्या झुंडी होत्या. मध्येच निळसर, धूसर, विरळ असा भाग. तो तो चकवणारा कूर्चेचा देखावा. मला त्यातले काहीच कळले नसते. त्यांनी दुसरी एक स्लाइड आणली, निराळ्या रोग्याची, शिकवण्यासाठी ठेवलेली. तिच्यात पेशींच्या पुंजक्यांना गोल गोल भोके होती, पिठाच्या चाळणीला असतात तशी. तोच बिलरोथचा सिलिंड्रोमा. 1930 पासून त्याला अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा म्हणतात. एका कडेला या पेशी एका मज्जातंतूभोवती वेटोळे घालून बसल्या होत्या. हा रोग मज्जातंतूच्या वाटेने सरकतो. टाळूपासून थेट कवटीच्या तळापर्यंत. दहा-पंधरा वर्षे मनुष्य बरा दिसतो आणि मग फुप्फुसात गाठी निघतात. बधिरपणा वाटतो का, हा डॉक्टरांचा तिसरा प्रश्न कोठून आला ते मला तेव्हा कळले. तो सुश्रुताच्या यादीत नव्हता. तो या काचेने शिकवलेला.

"बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात?" मी विचारले.

"अगदी सारख्या."

आणखीही सोंगे आहेत, त्या सांगत होत्या. श्लेष्मा करणाऱ्या आणि कातडीसारख्या पेशी एकत्र असलेली एक जात 1945 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वेगळी काढली. टाळूवर विशेषेकरून येणारी आणि मिश्र गाठीसारखी दिसणारी, पण घातक, अशी एक जात तर 1983–84 पर्यंत कोणाला नीट ओळखताच आली नव्हती. तुकडा फार लहान असला तर तिच्यात आणि साध्या गाठीत भेद करणे आजही जड जाते. गाठीची कड पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. आता पेशींतल्या गुणसूत्रांची अदलाबदल तपासून काही जाती ओळखतात. एकीची खूण 2003 साली सापडली, चाळणीवालीची 2009 साली.

पण मला सर्वांत चटका लावून गेली ती उलटी गोष्ट. 1973 साली तीन अमेरिकन डॉक्टरांनी टाळूवरच्या एका व्रणाचे वर्णन केले. एकाएकी येणारा, खोल, कडा उचललेला, पाहताच कर्करोग वाटावा असा. सूक्ष्मदर्शकाखालीही घाईने पाहिले तर कर्करोगच वाटतो. आणि तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो! लाळग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून झालेली ती नुसती इजा असते. तिला नाव मिळण्यापूर्वी अशा किती माणसांचे टाळू कर्करोग समजून कापले गेले असतील, याचा हिशेब कोणापाशी नाही. म्हणजे काचही चुकते. काच पाहणाऱ्याला ठाऊक असलेल्या नावांपलीकडे तिला काही सांगता येत नाही. 1972 साली जागतिक आरोग्य संघटनेने या गाठींची पहिली यादी छापली आणि तेव्हापासून ती पुन्हा पुन्हा सुधारून छापावी लागली, ती यामुळेच.

आईची गाठ मिश्र होती. साधी, पण ठेवून चालणारी नव्हे; फार वर्षे राहिली तर बिघडते, आणि बोराची बी काढावी तशी नुसती काढली तर पुन्हा उगवते. म्हणून आसपासचा थोडा निरोगी भाग आणि खालच्या हाडावरचे अस्तर घेऊन काढावी लागली. हाडाला दाबाने खळगा पडला होता, ते खाल्ले गेले नव्हते. महिनाभर तिने टाळूवर प्लास्टिकची पट्टी घातली आणि आमटी-भात खाल्ला. सबंध गाठीची पुन्हा तपासणी झाली, कडेसह. निकाल तोच.

निकाल हातात घेऊन मी डॉक्टरीणबाईंना विचारले, "मशेरीनं हे झालं नाही ना?"

"यानं नाही," त्या म्हणाल्या. मग आईकडे पाहून म्हणाल्या, "पण आजी, म्हणून पुन्हा लावू नका हं. ही गाठ तिची नव्हती, पुढची तिची असू शकते."

परत येताना एस. टी.त आई खिडकीशी बसली होती. तासगाव मागे पडेपर्यंत कोणी बोलले नाही. मग पट्टीमुळे जड झालेल्या आवाजात तिने विचारले, "मंग माझी डबी का रं फेकलीस?"

मी म्हणालो, "चुकलो."

"पितळंची हुती. तुझ्या आज्जीची."

त्याला आता चौदा वर्षे होऊन गेली. दर वर्षी संक्रांत झाली की आम्ही मिरजेला जातो. डॉक्टर बोट फिरवतात, काही नाही म्हणतात. चिमी कॉलेजात गेली आहे आणि तिला हाक मारताना आईचा च स्वच्छ उमटतो. मशेरी तिने पुन्हा धरलेली नाही. निदान मला दिसेल अशी नाही.